सहा वर्षांत काही कमी होईल का?

"सहा वर्षं," सिस्टर म्हणाल्या.

"काही कमी होईल का?" मी विचारलं.

हे मी ठरवून विचारलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं कटपीसचा धंदा केल्यावर कुणी आकडा सांगितला की हा प्रश्न आपोआप बाहेर येतो. डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या तेव्हाही मी हेच विचारलं होतं आणि दहा दिवसांवर आणलं होतं.

सिस्टरांनी प्रश्न मनावर घेऊन नीट विचार केला. "कमी होत नाहीत," त्या म्हणाल्या. "कधीकधी वाढतात."

त्या केरळच्या. मराठी पुस्तकांतून शिकल्यामुळे माझ्यापेक्षा शुद्ध बोलतात, आणि प्रत्येक वाक्याआधी इतका वेळ घेतात की समोरच्याला वाटावं, लाइन कट झाली.

आम्हा कॅथलिकांत फादर आणि सिस्टर होणाऱ्यांचं पाचारण सगळ्यांना समजतं. देवाने बोलावलं, घर सोडलं, व्रतं घेतली. पण फादर-सिस्टरांच्या काही संघांना घर न सोडणाऱ्यांचीही एक शाखा असते. नवरा, मुलं, दुकान जिथल्या तिथे ठेवायचं आणि संघाच्या शिस्तीने जगायचं. सकाळ-संध्याकाळ ठरलेली प्रार्थना, रोज अर्धा तास मौन, महिन्यातून एक बैठक आणि शेवटी सगळ्यांसमोर वचन. वचनाआधी एक गोष्ट पारखायची असते: आपल्याला खरंच कुणी बोलावलं आहे, की आपणच उठून आलो आहोत. पहिलं वर्ष नुसतं येऊन बसायचं. मग खांद्यावरून घ्यायचं करड्या रंगाचं एक छोटं वस्त्र मिळतं. त्यानंतरची पाच वर्षं आणखी पारख.

पारखायला सहा वर्षं! मी इचलकरंजीच्या मागांवरचा सेकंडचा माल उचलते. कुठे धागा तुटलेला, कुठे रंग चुकलेला, कुठे ताग्याचं नुसतं टोक. कापड दोन बोटांत धरलं की कळतं किती सूत, किती पॉलिस्टर. फारच शंका आली तर एक दोरा ओढायचा आणि काडी लावायची. सूत असेल तर कागदासारखी राख होते. पॉलिस्टर असेल तर वितळून टोकाला काळा मणी धरतं. यात एक मिनिटही जात नाही.

आमच्या शेजारच्या भांड्यांच्या दुकानाचे मालक दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जातात. त्यांना मी हे सगळं सांगायचा प्रयत्न केला.

"म्हंजे अक्का, तुम्ही घर सोडणार?"

"न्हाय ओ."

"मालकांना सोडणार?"

"न्हाय."

"दुकान?"

"दुकान कशाला सोडीन?"

"मग बदलतंय काय?"

मी म्हटलं, राग कमी होतो म्हणतात. ते लगेच म्हणाले, "मग सहा वर्षं कशाला घालवताय? आमच्या वाडीला चला. तंबाकू एका पौर्णिमेत सुटली माझी." पुढे थोडा विचार करून म्हणाले, "पर तुमचा राग म्हंजे, दोन पौर्णिमा धरा."

माझा राग आमच्या लक्ष्मीपुरीच्या बाजारात प्रसिद्ध आहे. आजऱ्याकडून लग्न होऊन आले तेव्हा नवऱ्याच्या पगारात महिना निघत नव्हता. मी डोक्यावर गाठोडं घेऊन उचगावात दारोदार कटपीस विकले. पहिल्या वर्षी कळलं की गोड बोलणाऱ्या बाईला लोक पाणी देतात आणि भाव पाडतात. तेव्हापासून मी आवाज चढवायला शिकले. पुढे बाजारात बसायला फळी मिळाली, मग गाळा. यात कुणाची मदत नाही, हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की नवरा आता हे वाक्य सुरू झालं की चष्मा पुसायला घेतो.

पण धंद्यात आवाजापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच असते. भाव सांगून झाला की गप्प बसायचं. पंख्याकडे बघायचं, घड्या घालायच्या, काही करायचं पण बोलायचं नाही. जो आधी बोलतो तो उतरतो. यात मला हरवणारा माणूस मला अठ्ठावीस वर्षांत भेटला नव्हता.

सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमध्ये मी पहिल्यांदा गेले ती पडद्यांचं कापड घेऊन. बाकीच्या गिऱ्हाइकांसारखं त्यांनाही मी ताटकळत ठेवणार होते, पण ताटकळायची पाळी माझ्यावर आली. सगळ्या प्रार्थनेला बसल्या होत्या. दार उघडणाऱ्या बाईने मला चॅपेलमध्येच, म्हणजे त्यांच्या छोट्या प्रार्थनाघरात, मागच्या बाकावर बसवलं. आठ-नऊ बायका, कुणी काही म्हणत नाही, गात नाही. बाहेर रिक्षा वळत होत्या. मी आधी जुने पडदे मोजले, मग खिडक्या मोजल्या, मग मोजण्यासारखं काही उरलं नाही. अर्धा तास झाला आणि त्या उठल्या तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इतका वेळ माझ्या डोक्यात कशाचाच भाव नव्हता. शाळा सोडल्यापासून असं झालं नव्हतं.

पडदे दिले. पुढच्या आठवड्यात पडदे नीट बसले का बघायला गेले. त्याच्या पुढच्या आठवड्यात धुतल्यावर आटले का बघायला गेले. चौथ्या वेळी सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही पडद्यांशिवायही येऊ शकता." आणि त्यांनी त्या शाखेबद्दल सांगितलं. सहा-सात माणसं होती, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बैठक.

"प्रमुख कोण आहे?" मी सहज विचारलं.

त्यांनी ज्यांचं नाव घेतलं त्या आमच्या चर्चमधल्या एक निवृत्त शिक्षिका. सगळं गाव त्यांना बाई म्हणतं. आणि मी त्यांच्याशी आठ वर्षं बोलत नव्हते.

ते प्रकरण असं. चर्चच्या सणासाठी गायकमंडळाला नवे झगे शिवायचे होते. कापड मी दिलं, क्रीम रंगाचं, एका मोठ्या लॉटमधलं, चांगलं भरीव. शिलाई ठरवायचं कामही माझ्यावरच आलं, कारण घासाघीस करायची असली की चर्चला माझी आठवण होते. हॉलमध्ये टेलरमास्तरांशी माझं बोलणं चाललं होतं, पंधरा-वीस माणसं होती, आणि बाई सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "हे चर्च आहे, लक्ष्मीपुरीचा बाजार नाही."

कुणीतरी हसलं. मागून दुसरं कुणीतरी हसलं.

ज्या बाईने कापड दिलं तिला हे. मी पर्स उचलून निघाले. पुढे नऊ वर्षं चर्चला एक वार कापड दिलं नाही. बाई सकाळच्या मिस्साला, म्हणजे उपासनेला, येतात म्हणून मी संध्याकाळच्या मिस्साला जाऊ लागले. मोठ्या सणांना एकच मिस्सा असते, तेव्हा मी खांबाशेजारची जागा धरायचे. मिस्सात एका ठिकाणी शेजारपाजाऱ्यांना हात जोडून शांती द्यायची असते. बाई वळायला लागल्या की मी दुसरीकडे वळायचे. तिकडे खांब होता. नऊ वर्षं मी शांती खांबाला दिली.

आता कोणीही म्हणेल, मग त्या शाखेत जायचं कशाला? मीही स्वतःला तेच विचारलं, आणि उत्तर मिळालं ते ऐकून मला फार बरं वाटलं. करडं वस्त्र देतात तो विधी प्रमुखाच्या हातून होतो. म्हणजे एक दिवस बाईंना सगळ्यांसमोर लक्ष्मीपुरीच्या बाजाराच्या खांद्यावर आपल्या हाताने ते घालावं लागणार होतं. मी डोळे मिटून ते चित्र बघितलं. त्यात बाईंचा हात थोडा थरथरत होता.

मी हो म्हणाले.

ते वर्ष मी मनापासून केलं, हे लिहायला हवं. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा मागच्या खोलीत कापडाच्या गासड्यांवर बसून अर्धा तास मौन धरायचे. पहिल्या महिन्यात मी देवाशीही सौदा लावला. बोल, नाहीतर मी उठले. तो काही बोलला नाही. मीही ठरवलं, आधी बोलणार नाही. असे आम्ही दोघं समोरासमोर गप्प बसायचो. कधीकधी खरंच ते पहिल्या दिवसासारखं व्हायचं, डोक्यातले भाव थांबायचे. मग बाहेरून कुणीतरी ओरडायचं, "अक्का, ह्यो पीस कितीला?" आणि मी मौन मोडून भाव सांगायचे, कारण गिऱ्हाईक आणि देव यांच्यातलं कोण परत येईल याचा मला अंदाज होता.

बैठकीत बाई आणि मी समोरासमोर बसायचो. त्या सगळ्यांकडे बघून बोलायच्या आणि मी भिंतीकडे बघून ऐकायचे. वाचन छान करतात. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

वर्ष संपत आलं तेव्हा सिस्टरांनी ते वस्त्र दाखवायला काढलं. मी हातात घेतलं आणि बोटांनी लगेच कळवलं. तरी खात्री केलेली बरी म्हणून शिवणीच्या आतल्या कापडाच्या कडेचा एक दोरा ओढला, मेणबत्त्यांशेजारच्या पेटीतली काडी ओढली आणि लावली. टोकाला काळा मणी धरला.

"हे काय करता आहात?" सिस्टर म्हणाल्या.

"तपासतेय. मिक्स आहे, सिस्टर. कोण देतं तुम्हाला? मी शुद्ध सुती देते, ह्याच्या निम्म्यात."

सिस्टर माझ्या बोटांमधल्या मण्याकडे बघत राहिल्या. त्यांचा नेहमीचा वेळ घेऊन म्हणाल्या, "मिक्स आहे ना? मग तुम्हाला चालेल."

मी त्या वाक्याकडे फार लक्ष दिलं नाही. लक्ष द्यायला पुढचंच मोठं होतं. त्यांनी सांगितलं की वस्त्र घेण्याआधीच्या आठवड्यात या शाखेत एक रीत आहे. ज्याच्याशी आपलं बिनसलं असेल त्याच्या दारी आपण जायचं. फोनवर नाही, निरोप पाठवून नाही. कुणाकडे जायचं ते कुणी सांगत नाही, ज्याचं त्याला माहीत असतं.

मला माहीत होतं. मी म्हटलं, माझी हरकत नाही, बाईंनी दुकानात यावं. चहा मी पाजते.

सिस्टर काही बोलल्या नाहीत.

मी म्हटलं, दुकान नको असेल तर चर्चमध्ये भेटू. अर्ध्या वाटेवर त्या, अर्ध्या वाटेवर मी.

त्या जपमाळेचा एक मणी दोन बोटांत धरून बसल्या होत्या. वर पंखा फिरत होता.

ठीक आहे, मी जाते त्यांच्या घरी. पण विषय आधी त्यांनी काढायचा.

पंखा फिरत राहिला.

बरं, विषय मी काढते. पण मी बसणार नाही. दारात उभी राहून बोलेन आणि येईन.

त्यावरही काही नाही. बाहेर पडून रिक्षात बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की सिस्टरांनी एकही शब्द न बोलता मला तीन वेळा उतरवलं होतं. गाळा घेतल्यापासून इतका वाईट सौदा मी केला नव्हता.

बाई राजारामपुरीत तळमजल्यावर एकट्या राहतात. अठ्ठ्याहत्तर वय, हातात काठी. दार उघडून म्हणाल्या, "ये. चप्पल आत घे, बाहेरची कुत्री पळवतात."

मी उभी राहिले. त्याही उभ्या राहिल्या. पाहुणा बसल्याशिवाय त्या बसत नाहीत हे मला थोड्या वेळाने कळलं, कारण त्यांचा काठीवरचा हात कापायला लागला. हाच तो हात, मी डोळे मिटून बघितलेला. मी बसले.

रिक्षात पाठ केलेलं वाक्य मी म्हटलं. "बाई, त्या दिवशी तुम्ही मला जे बोललात, ते मी सोडून दिलं."

"काय बोलले होते मी?"

मी शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. चर्च, लक्ष्मीपुरी, बाजार.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "आजही तेच म्हणेन. त्याच्या आधी तू काय म्हणाली होतीस?"

"कधी?"

"माझ्या वाक्याच्या आधी. तो टेप गळ्यात घालून दारात उभा होता."

मला आठवेना. मी आठवायचं सोंग करत नव्हते. नऊ वर्षं मी ते दृश्य रोज बघितलं होतं, पण ते नेहमी बाईंच्या तोंडापासूनच सुरू व्हायचं.

"मग मी सांगते," बाई म्हणाल्या. "तू म्हणालीस, 'तुमच्यासारखे छप्पन्न शिंपी माझ्या लक्ष्मीपुरीत बसलेत. देवाचं काम म्हणून बोलावलं, नसेल जमत तर चालायला लागा.' रमजानचे दिवस होते. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता त्याच्या. चौथीत माझ्या वर्गात होता तो. अक्षर मोत्यासारखं." त्यांनी काठी गुडघ्यांवर आडवी घेतली. "लक्ष्मीपुरी तिथे तू आणलीस. मी ती फक्त तुला परत दिली."

मी चप्पल घालून निघाले. माफी राहिली. उलट मी घरापर्यंत रागाने चालत गेले. चालताना ठरवलं की बाईंचं वय झालंय, त्यांना काहीही आठवतं. नवरा गायकमंडळात आहे, त्या दिवशी हॉलमध्येच होता. त्याला विचारलं, मी असं काही म्हणाले होते का?

"म्हणाली होतीस," तो म्हणाला.

"छप्पन्न?"

"छप्पन्न."

"मग नऊ वर्षांत सांगितलं का नाहीस?"

त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. "तू ऐकून घ्यायला थांबली होतीस कधी?"

त्या रात्री मी जेवले, झोपले, सगळं नीट केलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या मौनात मात्र मला टेलरमास्तरांशिवाय काही दिसेना. ते दारात उभे, गळ्यात टेप. अर्धा तास संपण्याआधीच उठले. शेजारच्या भांडेवाल्यांना दुकानाकडे लक्ष ठेवायला सांगितलं. "वाडीला निघालाय काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्याच्या अलीकडेच.

मास्तरांचं दुकान आता लहान झालंय. नवे कपडे कुणी शिवत नाही, पँट आखूड करणं आणि चेन बसवणं एवढंच चालतं. ते मशीनवर वाकले होते. माझ्याच वयाचे, दाढी पांढरी.

"या की अक्का," असं म्हणाले, पण पाय पॅडलवरून काढला नाही.

मी उभ्यानेच सांगितलं. त्या दिवशी मी तुम्हाला असं असं म्हणाले, ते चुकलं. मला माफ करा.

मशीन चालत राहिलं. ते शिवण पूर्ण करत होते. मी वाट बघितली. धंद्यात जसं असतं तसं, जो आधी बोलतो तो उतरतो, आणि मी तर आधीच बोलून बसले होते. शिवण संपली, त्यांनी दातांनी दोरा तोडला.

"माफी मला पण मागायची हाय," ते म्हणाले.

"कुणाची?"

"तुमच्या मालकांची. त्यांचा झगा हाय का अजून?"

मी म्हटलं, आहे की, दर रविवारी घालतात.

"डावी बाही दोन बोटं आखूड कापलीया मी. चुकून न्हवं. तुमच्या मालकांचा झगा कुठला, ते इचारून कापली." ते माझ्याकडे न बघता कात्रीची पाती पुसत होते. "म्हटलं, अक्का बघंल, भांडायला यील. नऊ वरसं झाली, कुणी आलंच न्हाय."

मी खुर्चीत बसले. नऊ वर्षं मी नवऱ्याला रविवारी सांगत आले होते, खांदा पाडू नकोस, सरळ उभा राहा, एक हात लांब दिसतो तुझा. एकदा हाडांच्या डॉक्टरकडेही नेलं होतं. डॉक्टरांनी दोन्ही हात मोजून सारखे आहेत म्हणून सांगितलं, तरी माझा विश्वास बसला नव्हता. मी, दोन बोटांत कापड ओळखणारी बाई. हाडावर संशय घेतला, बाहीवर नाही.

आधी मला राग आला. तो येतोच. नवऱ्याने काय केलं होतं? मी तसं म्हणणारही होते, पण मास्तरांकडे बघितलं तर त्यांचा चेहरा शाळेत पट्टी खायला हात पुढे केलेल्या पोरासारखा झाला होता. मग मला हसू आलं. मी हसले म्हणून तेही हसले, पण जरा बेतानेच.

"झगा आणा," ते म्हणाले. "दुरुस्त करून देतो. पर कापड लागंल जोडायला."

तो लॉट केव्हाच संपला होता. मी माझं सगळं दुकान उपसलं, इचलकरंजीला दोन ठिकाणी विचारलं. तसा क्रीम रंग कुठेच मिळाला नाही. मिळाला तो जरा पिवळा मारत होता, जोड लांबून दिसला असता. तिसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. उजवी पण दोन बोटं आखूड करतो. जुळून जाईल."

आता माझ्या नवऱ्याची दोन्ही मनगटं सारखी उघडी दिसतात. नवरा म्हणाला, उन्हाळ्यात बरं आहे.

मजुरी घ्यायला मास्तर तयार नव्हते. मी द्यायला हटून बसले. माझा आवाज चढला, त्यांचाही चढला. समोरचा पानवाला बाहेर येऊन उभा राहिला. त्याला वाटलं नेहमीसारखं मी भाव पाडतेय. त्याने मास्तरांची बाजू घेतली, "देऊन टाका की अक्का, गरिबाचं कशाला ठेवताय." ते ऐकल्यावर मास्तरांनी आवाज खाली आणला.

"पैसं नगंत," ते म्हणाले. "एक सांगा. लक्ष्मीपुरीत माझ्यासारखं शिंपी किती हाईत?"

पानवाला ऐकत होता. आजूबाजूचे दोघंतिघंही.

"एक बी न्हाय," मी म्हणाले.

"आता कसं," असं म्हणून त्यांनी झगा घडी घालून माझ्या हातात दिला.

शनिवारी कॉन्व्हेंटमध्ये बोलावणं होतं. मला वस्त्र द्यायचं की नाही ते ठरवायला सिस्टर आणि बाई दोघी बसल्या होत्या. मी मास्तरांचं सगळं सांगितलं. बाहीचं ऐकताना बाईंनी तोंडावर पदर धरला. चौथीतसुद्धा असाच होता, म्हणाल्या, मारामारी करायचा नाही, दुसऱ्याच्या पाटीवर हळूच रेघ ओढायचा.

इथे थांबले असते तर वस्त्र मिळालं असतं, हे मला दोघींच्या चेहऱ्यावरून कळत होतं. माल पसंत पडलेलं गिऱ्हाईक मी ओळखते. पण सिस्टर गप्प बसल्या होत्या, आणि त्यांच्या गप्प बसण्यापुढे माझं काही चालत नाही हे मघाशी लिहिलंच आहे.

"अजून एक आहे," मी म्हणाले. "मी इथे आले ती सगळी देवासाठी नाही. चॅपेलमध्ये बसले तेव्हा काहीतरी झालं, ते खरं आहे. पण मला बाईंच्या हातून वस्त्र घ्यायचं होतं. त्यांना ते घालावं लागेल म्हणून."

"ते मला पहिल्या बैठकीपासून माहीत आहे," बाई म्हणाल्या. "भिंतीकडे इतकं रागाने कुणी बघत नाही."

सिस्टरांनी त्यांचा वेळ घेतला. मग म्हणाल्या की त्यांना वाटतं, आणखी एक वर्ष मी असंच यावं, वस्त्राशिवाय. मग पुन्हा बघू, कुणी बोलावलं आहे ते. चॅपेलमधलं काहीतरी होतं ते राहतं का, की बाकीच्याबरोबर जळून जातं.

सहाची सात झाली. वाढतात कधीकधी, हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. धंद्यात याला लेखी असल्यासारखं मानतात, तक्रार करायला जागा नसते. तरी मी म्हणाले, सहा महिने करा. सिस्टर पंख्याकडे बघू लागल्या. मी म्हणाले, नऊ. मग म्हणाले, बरं, वर्ष.

बाहेर पडताना मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं ते असं, की एखादा माल मी फार दिवस चढ्या भावाने धरून ठेवला आणि बाजारात त्याला किंमतच नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या खोलीत गासड्यांवर जाऊन बसले. वस्त्र मिळणार नव्हतं, कुणाचा हात थरथरताना बघायचा नव्हता, तरीही बसले. भाव थांबले का ते मी बघितलं नाही. बाहेरून कुणीतरी पीस कितीला म्हणून विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही. ते गिऱ्हाईक गेलं.

परवाच्या सणाला एकच मिस्सा होती. मी खांबाशेजारीच बसले, सवय असते. शांती द्यायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा खांबाकडेच वळले, मग उलटी वळले. बाईंनी काठी काखेत धरून हात जोडले होते. मीही जोडले. वर गायकमंडळात नवरा दोन्ही मनगटं दाखवत गात होता.

बाजाराबद्दल मात्र बाईंनी अजून माफी मागितलेली नाही. बाजार वाईट असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी बाजारातल्या कापडाच्या झग्यांतलं गाणं ऐकू नये, असं मला वाटतं. वर्ष आहे हातात. बघू.